एकच भयपट, निरनिराळे प्रेक्षक: प्रसिद्धीची आखणी पायरीपायरीने

भयपटाच्या प्रसिद्धीच्या बैठकीत "हा सिनेमा सगळ्यांसाठी आहे" असं कुणी म्हणालं, की तिथंच थांबून पुन्हा विचार करायला हवा. घाबरायला आवडणारे सगळे एकसारखे नसतात. कुणाला अंगावर येणारा रक्तपात बघायचा असतो, कुणाला मित्रांबरोबर किंचाळून नंतर हसायचं असतं, तर कुणी एरवी भयपटाच्या वाटेलाच जात नाही, पण माणसांची गोष्ट चांगली असेल तर हिंमत करून येतो. तिकीट एकाच सिनेमाचं असलं तरी प्रत्येकानं विकत घेतलेलं आश्वासन वेगळं असतं. म्हणून पोस्टर, टीझर, रील यांच्या आधी दोन गोष्टी ठरवाव्या लागतात: कुणाला कोणतं आश्वासन द्यायचं, आणि आपला सिनेमा ते खरंच पाळतो का.

पुढचं सगळं नीट दिसावं म्हणून एक काल्पनिक सिनेमा घेऊ. नाव 'आत ये'. आई गेल्यावर दोन बहिणी जुन्या घरात सामान आवरायला येतात. खोलीत एकटी बहीण असली की भिंतीमागून आईचा आवाज येतो. शेवटी भिंतीमागे काय आहे ते दिसतं, आणि ते भयंकर आहे. बजेट लहान, नट फारसे माहीत नसलेले.

आधी भीतीचा प्रकार ओळखा

सिनेमा पुन्हा पाहा आणि कागदावर तीन याद्या करा: प्रेक्षक कुठे दचकतो, कुठे अस्वस्थ होतो आणि कुठे त्याला किळस येते. हे तीन वेगळे अनुभव आहेत आणि त्यांचे प्रेक्षकही बरेचदा वेगळे असतात. 'आत ये'मध्ये दचकवणाऱ्या जागा मोजक्या आहेत, अस्वस्थता भरपूर आहे आणि किळस फक्त शेवटच्या वीस मिनिटांत आहे. मग दर पाच मिनिटांनी दचकायला लावणारा सिनेमा म्हणून तो विकता येणार नाही. विकलात तर पहिल्याच रात्री लोक चिडतील.

हे खरोखर घडलेलं आहे. 'इट कम्स अॅट नाइट' (२०१७) हा एका घरात कोंडलेल्या माणसांच्या संशयाचा सिनेमा. प्रसिद्धीचा सूर मात्र असा होता की रात्री बाहेरून काहीतरी येणार. तसं काही न आल्यानं पहिल्या रात्रीच्या अमेरिकन प्रेक्षकांनी सिनेमास्कोरच्या (थिएटरमधल्या प्रेक्षकांकडून 'ए' ते 'एफ' अशी श्रेणी घेणाऱ्या कंपनीच्या) पाहणीत त्याला 'डी' श्रेणी दिली. समीक्षकांनी कौतुक केलेल्या सिनेमाची ही गत झाली. पुढच्या वर्षी 'हेरेडिटरी'लाही 'डी प्लस' मिळाला, पण तो सिनेमा टिकला आणि चांगला चालला. माझ्या मते फरक एवढाच की 'हेरेडिटरी'नं दिलेलं भीतीचं आश्वासन पुरेपूर पाळलं होतं. ती भीती अनेकांना सोसवली नाही, ही गोष्ट निराळी.

प्रेक्षकांचे गट पाडा आणि प्रत्येकासाठी एक वाक्य लिहा

वय आणि लिंग यांवरून गट पाडण्यापेक्षा माणूस भयपटाकडे कशासाठी येतो यावरून पाडा. भयपट म्हणजे तरुण मुलांचाच प्रांत, हा समज तर आधीच बाजूला ठेवा. तो धरून बसलात तर अर्धं थिएटर गमवाल.

पहिला गट कट्टर चाहत्यांचा. हे वर्षभर भयपट पाहतात, मेकअप कलाकारांना नावानिशी ओळखतात, आणि "आजवरचा सर्वात भीतिदायक सिनेमा" ही ओळ त्यांनी इतक्यांदा वाचलेली असते की ती त्यांच्या डोळ्यांना दिसतही नाही. त्यांना कारागिरी दाखवा: भिंत सेटवर कशी उभारली, आतला प्राणी रबराचा आहे की संगणकावर केलेला, आवाज कसा मिळवला. त्यांच्यापर्यंत जायचा रस्ता महोत्सवांतून जातो. टोरांटोचा 'मिडनाइट मॅडनेस' विभाग किंवा स्पेनमधला सिट्जेसचा महोत्सव अशा ठिकाणी मिळालेली दाद त्यांच्यासाठी जाहिरातीपेक्षा मोलाची असते. 'टेरिफायर २' (२०२२) हा अडीच लाख डॉलरचा सिनेमा अमेरिकेत प्रमाणपत्राविनाच प्रदर्शित झाला. खेळादरम्यान कुणाला भोवळ आली, कुणाला उलटी झाली अशा बातम्या पसरल्या आणि गल्ला दीड कोटी डॉलरच्या आसपास गेला. त्या बातम्या चाहत्यांसाठी शिफारस होत्या आणि बाकीच्यांसाठी इशारा. दोन्ही गटांना खरी माहिती मिळाली. नको तो प्रेक्षक दूर ठेवणं हेही प्रसिद्धीचंच काम आहे, आणि ते लाजत करू नये.

दुसरा गट घोळक्यानं येणाऱ्या तरुणांचा. त्यांना सिनेमाइतकीच एकत्र घाबरण्याची मजा हवी असते, आणि दुसऱ्याला दाखवता येईल, नक्कल करता येईल असा एखादा क्षण हवा असतो. 'मेगन'च्या ट्रेलरमध्ये बाहुली मारायला निघण्याआधी काही सेकंद नाचते. तो नाच टिकटॉकवर लाखोंनी पाहिला आणि करूनही पाहिला. स्टुडिओनं मग तशाच पोशाखातल्या नर्तकी कार्यक्रमांमध्ये नाचवल्या. ट्रेलरमधल्या एका क्षणाभोवती मोहीम उभी राहिली, आणि तो क्षण सिनेमाच्या स्वभावाशी जुळणारा होता: थोडा विनोदी, थोडा विचित्र, थोडा क्रूर.

तिसरा गट भयपट टाळणाऱ्यांचा. यांना भीतीच्या दारातून आणता येत नाही, दुसरं दार उघडावं लागतं. 'साइलन्स ऑफ द लॅम्ब्ज' (१९९१) थरारपट म्हणून लोकांसमोर आला आणि व्हॅलेंटाइन डेच्या दिवशी प्रदर्शित झाला. 'गेट आउट'च्या (२०१७) चर्चेत वर्णद्वेष पुढे होता. 'अ क्वाएट प्लेस'बद्दल (२०१८) दिग्दर्शक सतत आईवडिलांच्या काळजीविषयी बोलत राहिला. राक्षस होतेच, पण बोलणं मुलांना जपण्याबद्दल होतं, त्यामुळे एरवी न येणारे पालकही आले.

याशिवाय श्रद्धाळू प्रेक्षक असतो. त्याला दुष्ट शक्ती खरी आहे आणि ती हरते, हे पाहायचं असतं. 'द कॉन्ज्युरिंग'मधलं (२०१३) जोडपं धर्मनिष्ठ आहे आणि त्यांची श्रद्धा कथेत कामाला येते, म्हणून अशा प्रेक्षकाला तो आपला वाटू शकतो. विशिष्ट समाजासाठी सिनेमा करायचा तर नुसतं पोस्टर बदलून भागत नाही. 'पॅरानॉर्मल अॅक्टिव्हिटी' मालिकेचा लॅटिनो प्रेक्षक मोठा होता. 'द मार्क्ड वन्स' (२०१४) त्यांना डोळ्यासमोर ठेवून करताना निर्मात्यांनी पात्रं, कुटुंब, वस्ती सगळंच त्या समाजातलं घेतलं.

आता 'आत ये'साठी वाक्यं लिहू. चाहत्यांसाठी: "भिंतीमागचं सगळं प्रत्यक्ष उभारलेलं आहे, आणि शेवटची वीस मिनिटं ते लपवत नाहीत." तरुणांसाठी: "एकटं असताना ऐकू नका." भयपट टाळणाऱ्यांसाठी: "आई गेली. दोघींपैकी एकीला ते मान्य नाही." तिन्ही वाक्यं खरी आहेत आणि एकमेकांना खोटं पाडत नाहीत. ही कसोटी प्रत्येक वेळी लावा. दोन गट एकाच खेळाला शेजारी बसले, तर कुणालाही फसवल्यासारखं वाटता कामा नये.

प्रमाणपत्राचा विचार संकलनाच्या टेबलावर करा

हे पुष्कळांच्या उशिरा लक्षात येतं. तरुण गट हवा असेल आणि प्रमाणपत्र फक्त प्रौढांसाठीचं मिळालं, तर मोहीम कितीही गाजली तरी दारावरच माणसं परत जातात. 'मेगन' थिएटरमध्ये पीजी-१३ प्रमाणपत्रासह आला, म्हणजे किशोरवयीन मुलांनाही तो एकट्यानं पाहता येत होता. जास्त रक्तपाताची आवृत्ती नंतर घरी बघणाऱ्यांसाठी काढली, म्हणजे कट्टर चाहत्यांनाही पुन्हा बघायला कारण मिळालं. उलट 'द कॉन्ज्युरिंग'मध्ये रक्त फारसं नसूनही त्याला 'आर' (सतरा वर्षांखालच्यांना मोठ्यांसोबतच प्रवेश) मिळालं. निर्मात्यांनी मग "नुसत्या भीतीमुळे हे प्रमाणपत्र मिळालं" हीच गोष्ट प्रसिद्धीत वापरली.

चाचणी खेळ

अनोळखी लोकांना सिनेमा दाखवा. ओळखीचे लोक खरं सांगत नाहीत. गटांचे खेळ वेगवेगळे ठेवा. नुसत्या प्रश्नावलीवर विसंबू नका, अंधारात प्रेक्षकांकडे बघत बसा. कुठे मोबाइल उजळतात, कुठे लोक शेजाऱ्याचा हात धरतात, कुठे नको तिथे हसू येतं, हे लिहून काढा. 'स्माइल' (२०२२) मुळात स्ट्रीमिंगवर जाणार होता. चाचणी खेळांना मिळालेला प्रतिसाद पाहून तो थिएटरमध्ये आणला आणि जगभरात २० कोटी डॉलरच्या पुढे गेला.

खेळानंतर एकच प्रश्न आवर्जून विचारा: "मित्राला हा सिनेमा कसा सांगाल?" उत्तरं शब्दशः उतरवा. तुमची टॅगलाइन बहुतेक वेळा त्यातच असते.

काय लपवायचं ते ठरवा

भयपटाच्या प्रसिद्धीतला सगळ्यात अवघड आणि सगळ्यात सुंदर निर्णय हा. दाखवलेल्या गोष्टीची भीती कमी होते, पण काहीच न दाखवलं तर कुणी येत नाही.

हिचकॉकनं 'सायको'चा (१९६०) सहा मिनिटांहून लांब ट्रेलर केला. त्यात तो स्वतः मोटेल आणि घर फिरून दाखवतो, बोलता बोलता अडखळतो, काय घडलं ते अर्धवट सांगतो. सिनेमातला प्रसंग जवळजवळ नाहीच. शेवटी तो न्हाणीघराचा पडदा सर्रकन ओढतो आणि एक स्त्री किंचाळते. ती नायिका जॅनेट ली नाही, त्याच सिनेमातली दुसरी अभिनेत्री व्हेरा माइल्स आहे. म्हणजे ट्रेलरमधली किंकाळीसुद्धा सिनेमातली नाही. शिवाय खेळ सुरू झाल्यावर कुणालाही आत सोडायचं नाही, असा नियम थिएटरांना घालून दिला. सिनेमात असं काहीतरी आहे जे चुकवून चालणार नाही, हे त्या नियमातूनच लोकांना कळलं.

'लाँगलेग्ज'च्या (२०२४) वेळी निकोलस केजसारखा प्रसिद्ध नट हाताशी असूनही त्याचा चेहरा झाकून ठेवला. टीझर तुकड्यातुकड्यांनी आले, सांकेतिक लिपीतले संदेश आले, एका होर्डिंगवर फोन नंबर होता आणि तो लावला की पात्राचा आवाज ऐकू यायचा. एका क्लिपमध्ये नायिकेच्या अभिनेत्रीनं केजला खुन्याच्या रूपात प्रथम पाहिलं तेव्हाचे तिच्या हृदयाचे ठोके ऐकवले, मिनिटाला १७० पर्यंत गेलेले. चेहरा न दाखवता त्याचा परिणाम दाखवला. लहान बजेटवाल्यांनी हीच युक्ती नीट समजून घ्यावी, कारण तिला पैसा फार लागत नाही.

'आत ये'साठी नियम असा: भिंतीमागचं काहीही कुठेही दिसणार नाही. शेवटच्या तिसऱ्या भागातली एकही फ्रेम ट्रेलरमध्ये जाणार नाही. आवाज मात्र सगळीकडे असेल.

ट्रेलर कापताना

पंच्याहत्तर सेकंदांचा मुख्य ट्रेलर कसा उभा राहील, ते पाहू.

पहिली दहा सेकंदं संगीत नाही. दोघी आईचे कपडे घड्या करून ठेवत आहेत. धाकटी विचारते, "ऐकलंस?" थोरली म्हणते, "नाही." पण तिचा घडी घालणारा हात थांबतो. हा थांबलेला हात या ट्रेलरमधला सर्वात मोलाचा शॉट आहे. तो पूर्ण दोन सेकंद राहू द्या. संकलकाला तो कापावासा वाटेल, कापू देऊ नका.

पुढची वीस सेकंदं नियम सांगण्यासाठी: खोलीत एकटं असलं की आवाज येतो, दुसरं कुणी आलं की थांबतो. नियम कळला की प्रेक्षक स्वतःच घाबरायला लागतो, रिकामी खोली दिसली तरी त्याला धाकधूक होते. त्यानंतर वेग वाढवा, पण दर वेळी दणका देऊ नका. एकच मोठा दणका ठेवा, पंचावन्नाव्या सेकंदाच्या आसपास. मग काळा पडदा आणि संपूर्ण शांतता, तीन सेकंद. मग नाव. नावानंतर, ट्रेलर संपला असं वाटत असताना, आईचा आवाज: "आत ये ना." थिएटरच्या ट्रेलरमध्ये हा आवाज फक्त मागच्या स्पीकरमधून आला पाहिजे. लोक मान वळवून मागे बघतील. तेवढं झालं की ट्रेलर जमला.

भयपट टाळणाऱ्यांसाठीच्या आवृत्तीत दणका काढून टाका, बहिणींचं भांडण वाढवा. पण शेवटचा आवाज तसाच ठेवा, नाहीतर त्या प्रेक्षकाला आपण कौटुंबिक सिनेमाला चाललोय असं वाटेल. तरुणांसाठी पंधरा सेकंदं पुरे: काळी स्क्रीन, हेडफोन लावायची सूचना, आणि आवाज डाव्या कानातून उजवीकडे सरकत जाणारा.

पोस्टर आणि टॅगलाइन

लांबून दोन सेकंदांत कळलं पाहिजे, आणि फोनवर नखाएवढं दिसलं तरी ओळखू आलं पाहिजे. 'एलियन'च्या (१९७९) पोस्टरवर राक्षस नव्हता. काळ्या पार्श्वभूमीवर तडकलेलं अंडं, आणि अंतराळात किंकाळी कुणाला ऐकू जात नाही अशा अर्थाची एक ओळ. स्थळ, एकटेपणा, असहायता, सगळं त्या ओळीत आलं. काळा रंग आणि विस्कटलेले केस असलेली मुलगी हे चित्र आता इतकं झालंय की ते टाळाच. आमचं पोस्टर: फिकट पिवळी भिंत, तिला कान लावून उभी मुलगी, आणि भिंतीवर आतून उमटलेला कानाचा हलका उंचवटा.

एखादा प्रयोग, पण सिनेमातूनच आलेला

अमेरिकन दिग्दर्शक-निर्माता विल्यम कॅसल हा या विद्येचा मोठा माणूस. 'मकाब्र'च्या (१९५८) प्रेक्षकांना त्यानं भीतीनं मृत्यू आल्यास हजार डॉलरचा विमा दिला. 'द टिंगलर'च्या (१९५९) वेळी काही खुर्च्यांखाली थरथरणारी यंत्रं बसवली. त्या सिनेमातला प्राणी माणसाच्या पाठीच्या कण्यात वाढतो, म्हणून खुर्चीनं पाठीला दिलेला झटका कथेचाच भाग झाला. 'स्माइल'साठी बेसबॉलच्या सामन्यांत कॅमेऱ्यासमोरच्या जागांवर काही लोक तासन्‌तास न हलता हसत बसवले. टीव्हीवर सामना बघणाऱ्यांना ते दिसत राहिले. सिनेमाची अख्खी कल्पना त्या हास्यात होती.

'द ब्लेअर विच प्रोजेक्ट'चं (१९९९) उदाहरण सगळे देतात. प्रदर्शनाआधी सुरू केलेली वेबसाइट, बेपत्ता मुलांची पत्रकं, कलाकारांची 'बेपत्ता, बहुधा मृत' अशी नोंद, आणि जवळपास २५ कोटी डॉलरचा गल्ला. पण त्या तिघा कलाकारांची खरी नावं पात्रांना दिली होती, आणि मोहीम टिकावी म्हणून त्यांना लोकांपासून दूर ठेवलं होतं. मोबदल्यावरून आणि नावाच्या वापरावरून त्यांची तक्रार २०२४ पर्यंत चालू होती. कलाकाराचं नाव, चेहरा, आवाज मोहिमेत वापरायचा असेल तर लेखी संमती घ्या आणि त्याचा मोबदला ठरवा. 'आत ये'च्या आईचा आवाज देणारी अभिनेत्री हीच अख्ख्या मोहिमेचा कणा आहे, तेव्हा तिच्या करारात हे आधी लिहा.

मर्यादा

ज्यानं भीती मागितलेली नाही त्याला घाबरवू नका. २०१८ मध्ये 'द नन'ची सहा सेकंदांची जाहिरात यूट्यूबवर आली. आवाज कमी होत असल्याचं चिन्ह दिसायचं, क्षणभर शांतता, आणि एकदम किंचाळत अंगावर येणारा चेहरा. दुसराच काही व्हिडिओ बघायला आलेल्या लोकांनी तक्रारी केल्या आणि यूट्यूबनं ती काढून टाकली. २००७ मध्ये 'कॅप्टिव्हिटी'ची होर्डिंग्ज मंजुरीविना रस्त्यावर लागली. त्यांत एका स्त्रीच्या अपहरणापासून मृत्यूपर्यंतची दृश्यं होती. लोक संतापले आणि अमेरिकेच्या प्रमाणपत्र मंडळानं त्या सिनेमाची प्रक्रियाच महिनाभर थांबवली. रस्त्यावरचं होर्डिंग लहान मुलंही बघतात. तिथे फक्त भिंत आणि नाव पुरे.

चॅलेंज सुरू करण्याआधी लोक ते कसं ताणतील याचा विचार करा. 'बर्ड बॉक्स'मधली पात्रं डोळ्यांवर पट्टी बांधून वावरतात; तो आल्यावर लोकही तशी पट्टी बांधून धोकादायक गोष्टी करू लागले, तेव्हा जानेवारी २०१९ मध्ये नेटफ्लिक्सला जाहीरपणे सावध करावं लागलं.

तारीख आणि पहिला आठवडा

ऑक्टोबरमध्ये हॅलोविनमुळे भयपटांची गर्दी होते. मोठ्या मालिकेला ती मानवते, लहान सिनेमा त्यात हरवतो. 'मेगन' जानेवारीत आला, जेव्हा समोर फारसं काही नवं नव्हतं. थिएटर थोडी घ्या आणि भरलेली ठेवा. भीती गर्दीत वाढते, रिकाम्या हॉलमध्ये विरते. 'पॅरानॉर्मल अॅक्टिव्हिटी' (२००९) आधी निवडक कॉलेज-शहरांत मध्यरात्री दाखवला, अंधारात किंचाळणाऱ्या प्रेक्षकांचाच ट्रेलर केला, आणि आपल्या शहरात सिनेमा आणावा अशी मागणी लोकांना ऑनलाइन नोंदवायला लावली. दहा लाख मागण्या झाल्यावर तो सगळीकडे गेला. १५ हजार डॉलरचा सिनेमा १९ कोटी डॉलरच्या पुढे पोहोचला.

नंतरचं आयुष्य

भयपट उशिरा मोठा होऊ शकतो. जपानचा 'वन कट ऑफ द डेड' २०१८ च्या उन्हाळ्यात टोकियोतल्या दोन थिएटरांत लागला आणि निव्वळ माउथ पब्लिसिटीवर शेकडो थिएटरांत गेला. पाहिलेले लोक कथा सांगत नव्हते, फक्त "जाऊन बघ, उठू नकोस" म्हणत होते. 'तुंबाड' २०१८ मध्ये फारसा चालला नाही. २०२४ मध्ये पुन्हा प्रदर्शित झाला तेव्हा त्यानं पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमावलं.

स्ट्रीमिंगवर जाताना गटांची यादी पुन्हा काढा. नेटफ्लिक्ससारख्या मंचावर एकाच सिनेमाचं चित्र निरनिराळ्या लोकांना निरनिराळं दिसतं. तेव्हा एकच पोस्टर पाठवून देऊ नका. 'आत ये'ची तीन चित्रं द्या: कान लावलेली मुलगी, घडी घालताना थांबलेला हात, आणि कपड्यांच्या ढिगाऱ्यापलीकडे एकमेकींकडे न बघणाऱ्या दोघी. ही चित्रं सिनेमाच्या फ्रेममधून कापून चांगली येत नाहीत. त्यासाठी स्थिरचित्रकाराला शूटिंगच्या दिवशीच सेटवर बोलवा, आणि तिन्ही वाक्यांचा कागद त्याच्या हातात द्या.